घटप्रभेचे पक्षी शूट करायचेत, हॅन्डीकॅमला पुढं कुठली टेलि लेन्स लावू?

तुमचा प्रश्न असा आहे की तुमच्याकडं सोनीचा एएक्स53 हॅन्डीकॅम आहे, 20 पट झूम आहे, तरी धुपदाळला, घटप्रभेच्या बंधाऱ्यावर, गेलं की पक्षी बारकेच येतात, मग पुढं लावायची 2.2 पटवाली लेन्स घेऊ की 1.7 पटवाली, आणि ऑनलाइन दीड हजारात 3 पटवाली दिसतेय ती कशी आहे. मी बेळगावातच असतोय, कॅमेरा पण हाच आहे, आणि ह्या तिन्ही भानगडी करून झाल्यात म्हणून लिहितोय.

3 पटवाली नको. मी घेतली होती, बाराशे रुपयाला, नाव सांगत नाही कारण तसल्या दहा नावानं एकच माल विकतात. जानेवारीत पहाटेच्या गाडीनं घटप्रभा स्टेशनला उतरलो, तिथनं धुपदाळ, समोर पांढरे करकोचे उभे, युरोपातनं येतात ते, मी खूष. घरी येऊन टीव्हीला लावलं तर प्रत्येक करकोच्याला इरकलीसारखा जांभळा काठ! बायको म्हणाली हे कुठले पक्षी वो, काठपदराचे. आणि मधला भाग तरी जरा बरा, कडेला सगळं पुसल्यासारखं. कारण असं की साधी काच प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकवते, त्यामुळं उजेडातल्या पांढऱ्या गोष्टीच्या कडेला रंग सुटतो. चांगल्या लेन्समध्ये ते दाबायला ईडी, म्हणजे रंग कमी फाकवणारी, काच घालतात म्हणून त्या महाग. आणि आपल्याकडं धुपदाळला बघायचं काय, तर पांढरे करकोचे, बगळे, चित्रबलाक, म्हणजे नेमकं जिथं ही खोड सगळ्यात जास्त दिसते तेच.

आता पटींचा हिशोब करून बघा, मी वहीत केला तेव्हा डोकं जरा थंड झालं. एएक्स53 फुल झूमला फोटोच्या भाषेत 536 मिमी होतो, हा आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. म्हणजे 100 मीटरवर तुमच्या फ्रेममध्ये साधारण पावणेसात मीटर रुंद आणि पावणेचार मीटर उंच जागा येते. करकोचा एक मीटरचा धरा, म्हणजे फ्रेमच्या उंचीच्या पाव भाग. 1.7 लावली की 911 मिमी, करकोचा जवळजवळ निम्म्या उंचीला. 2.2 लावली की 1179, निम्म्यापेक्षा थोडा जास्त. 1.7 आणि 2.2 मधला फरक एवढाच आहे, आणि त्यासाठी वजन, थरथर आणि किंमत तिन्ही वाढतात. उलट खंड्या, तो निळा लहान, सोळा-सतरा सेंटीमीटरचा, तो 100 मीटरवर कुठल्याच लेन्सनं मोठा होत नाही, त्याच्यासाठी जवळच जाऊन गप बसावं लागतंय.

आणि एक फुकटचं. तुमचा कॅमेरा 4के काढतो, आणि शेवटी व्हिडिओ फुल एचडीतच टाकणार असाल तर एडिटमध्ये मधला तुकडा कापून दोन पट मोठा करता येतो, डिटेल न जाता. म्हणजे दोन पट तुमच्याकडं आधीच आहे. मी लेन्सवर पैसे घालवून झाल्यावर हे सुचलं, जाऊ दे. मात्र बॉक्सवर लिहिलेला डिजिटल झूम मेनूतनं बंदच ठेवा.

थरथर म्हणजे काय ते नीट सांगतो कारण इथं सगळे फसतात. कॅमेऱ्यातला स्टेडीशॉट, म्हणजे थरथर सावरायची सोय, कॅमेरा किती हलला ते मोजतो आणि आपल्या स्वतःच्या झूमपुरतं सावरतो, पुढं दुसरी काच बसवलीय हे त्याला कळत नाही. त्यामुळं 1.7 लावली की पुढची सगळी वाढीव हालचाल तशीच राहते. काही हॅन्डीकॅमच्या मेनूत कन्व्हर्जन लेन्स असा पर्याय असतोय, असला तर तो टेलिवर टाका, नाहीतर स्टँडवर लावून स्टेडीशॉट बंद करा. हातात धरून ह्या लेन्सनं शूट होत नाही म्हणजे नाही. स्टँड पण लग्नातल्या फोटोवाल्यांचा हलका नको, फ्लुइड हेडवाला घ्या, पाणकावळा उडाला तर मागं मागं फिरवताना झटके येत नाहीत. नसेल तर बंधाऱ्याच्या कठड्यावर दोन किलो तांदळाची पिशवी ठेवून त्यात कॅमेरा रुतवा, चालतंय. रेकॉर्डचं बटण मोबाईलवरून दाबा, बोट लावलं तरी अर्धा सेकंद चित्र नाचतं.

दुसरी अडचण कोण सांगत नाही ती म्हणजे पक्षी सापडणं. पुढं टेलि बसवली की झूम मागं आणल्यावर चित्राच्या भोवती काळा गोल येतो, बोगद्यातनं बघितल्यासारखं, म्हणजे आधी झूम मागं घेऊन शोधायचं आणि मग झूम करायचं ही आपली सवय तिथं चालत नाही. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो ना, तो सापडेपर्यंत बुडी मारून गेलेला असतो. मी रिकाम्या बॉलपेनची नळी घेतली, कॅमेऱ्याच्या डोक्यावर डबल टेपनं चिकटवली, आणि घराच्या गच्चीवरनं लांबच्या पाण्याच्या टाकीवर कॅमेरा रोखून नळीतनं पण तीच टाकी दिसेल अशी वाकवत वाकवत बसवली. एक डोळा नळीला, मग स्क्रीनला. दिसायला भिकार आहे पण काम करते. फोकस मॅन्युअल ठेवा, ऑटो फोकस गवताच्या काडीला धरून बसतोय.

ऊन चढलं की बंद करा बघा, साडेनऊ-दहानंतर पाण्यावरची हवा उकळल्यासारखी हलते, आणि जेवढं मोठं करणार तेवढी ती हवा पण मोठी दिसणार. मी सुरुवातीला हे फोकसचं खूळ समजून कॅमेरा रिपेरीला न्यायला निघालो होतो.

जांबोटी-कणकुंबीकडं धनेश शूट करायचा विचार असेल तर तिथं अंतर कमी पण झाडीत अंधार. पुढं लावायच्या लेन्सचा फायदा असा की ती उजेड फारसा खात नाही, डीएसएलआरच्या लेन्सच्या मागं बसतो तो 2 पट कन्व्हर्टर मात्र उजेड पावपट करून टाकतो. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

तर घ्यायची कुठली? माझं मत 1.7, आणि चांगल्या काचेची. मी ऑलिंपसची टीकॉन-17 वापरतोय, मागची चूडी, म्हणजे फिरवून बसवायचे आटे, 55 मिमीची आहे आणि एएक्स53 ची पण 55 च, रिंग न लावता थेट बसते. जुनी आहे, नवीन निघत नाही, सेकंडहँड शोधावी लागेल. 2.2 च पाहिजे असेल तर रेनॉक्सची डीसीआर-2025 प्रो, 62 मिमीची, ती काठपदर नेसवत नाही पण स्टँड भक्कमच लागतो. कॅमेरा बदलायचा म्हणाल तर निकॉनचा पी900 पुढं काही न लावताच 2000 मिमीपर्यंत जातो, पण घरट्यावर तासभर रोखून बसायला मला हॅन्डीकॅमच बरा वाटतो, ज्याची त्याची आवड.

सेकंडहँड बघायला गेलात तर कॅमेऱ्याला लावायच्या आधी लेन्स नुसती डोळ्याला लावा, बारकी बाजू डोळ्याकडं, आणि रस्त्यापलीकडची पाटी वाचा. चांगली असेल तर पाटी मोठी आणि स्वच्छ दिसते, दुर्बिणीसारखी, अक्षरांच्या कडेला रंग दिसला तर ठेवून द्या. मग मोबाईलचा टॉर्च मागनं मारून आत बुरशीच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा आहेत का बघा, आपल्या पावसात खानापूर साईडला कपाटात ठेवलेल्या लेन्सना ती हमखास असते. आधी लावलेला यूव्ही फिल्टर काढून मगच बसवा. आणि रेनॉक्स घेतली तर दुकानात 55 ते 62 ची स्टेप-अप रिंग मागा, मला एकानं 62 ते 55 ची दिली होती, ती अजून घरात आहे, धाकटा तिची बांगडी करून खेळतोय.