शाळा सुटली, आता मैदान कुठे? स्पेशल ऑलिम्पिक्सबद्दल पालकांचे प्रश्न

मुलगा 22 वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता 60 टक्के. अठराव्या वर्षी विशेष शाळा सुटली, तेव्हापासून घरीच आहे. आता खेळायला घालता येईल का? – एक आई, सातारा

नक्की येईल. ‘स्पेशल ऑलिम्पिक्स’ म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीचा खेळांचा उपक्रम. त्याच्या स्पर्धेत उतरायला 8 वर्षं पूर्ण लागतात. वरची वयोमर्यादा नाही. भारतात हे काम ‘स्पेशल ऑलिम्पिक्स भारत’ ही संस्था पाहते. तुमच्या भागातल्या विशेष शाळेत किंवा दिव्यांगांच्या कार्यशाळेत क्रीडाशिक्षकांना गाठा आणि थेट विचारा, ‘आमचा मुलगा तुमच्या शाळेचा नाही, तरी सरावाला घ्याल का?’ एका ठिकाणी नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारा.

सोबत दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल, आधार आणि फोटो ठेवा. वैद्यकीय तपासणीचा ठरलेला अर्ज असतो, तो डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. प्रमाणपत्रावरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, ते आधी पाहा. ऐन वेळी नोंदणी अडते ती बहुधा इथेच. खेळाडूकडून सहभागाचं शुल्क घ्यायचं नाही, असा नियम आहे.

चार वर्षं घरी बसलेल्या मुलाला लगेच पळवू नका. पहिले दोन आठवडे रोज 15 मिनिटं चालणं पुरे. स्पर्धेआधी किमान 8 आठवड्यांचा नियमित सराव हवा. पळणं झेपत नसेल तर बोची शिकवा. त्यात चेंडू लहान चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचा असतो. वेगापेक्षा अंदाजाला महत्त्व.

मुलीला डाउन सिंड्रोम आहे. पोहण्याची फार आवड, पण मानेचा एक्स-रे काढायला सांगितलाय. गरज आहे का?

आहे, टाळू नका. डाउन सिंड्रोममध्ये काहींचा मानेतला वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. मान जोरात वाकली किंवा दणका बसला तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून सूर मारणं, बटरफ्लाय पद्धतीचं पोहणं, जिम्नॅस्टिक्स, ज्युदो डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. त्यांनी हरकत घेतली नाही, तर पाण्यात उतरून फ्रीस्टाइल पोहायला सुरुवात करता येते. चाल बदलली, हातात जोर राहिला नाही, मान दुखू लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर एक्स-रे आधी चांगला आलेला असला तरी सराव थांबवून डॉक्टरांकडे जा.

अंतिम फेरीत पोरगी सगळ्यांच्या पुढे होती, तरी बाद केली! हा कुठला न्याय?

तुमचा राग समजतो, पण त्यामागचं कारण पाहा. इथे लिंग, वय आणि क्षमता पाहून गट पाडतात. एका गटात 3 ते 8 खेळाडू. क्षमता ठरते ती प्राथमिक फेरीतल्या वेळेवरून. तिथे कुणी मुद्दाम हळू पळून सोप्या गटात जाऊ नये, म्हणून 15 टक्क्यांची मर्यादा आहे. 100 मीटर प्राथमिक फेरीत 24 सेकंदांत पळालेली मुलगी अंतिम फेरीत 20.4 सेकंदांपेक्षा कमी वेळ घेऊन आली, तर बाद होते.

बहुतेक वेळा यात लबाडी नसते. प्राथमिक फेरीत मूल गर्दीला बुजतं, मागे वळून आईला शोधतं, आणि चार सेकंद तिथेच जातात. प्राथमिक वेळ नेहमीपेक्षा संथ वाटली तर गट पडण्याआधीच प्रशिक्षकांना सांगा. ठरलेल्या मुदतीत सरावातली खरी वेळ कळवता येते. त्यासाठी सरावाच्या वेळा तारखेसह वहीत लिहिलेल्या हव्यात.

मुलगा शर्यतीच्या शेवटच्या रेषेपाशी आला की थांबतो. शिटी वाजली की कान झाकतो.

रेष ही त्याला ‘थांब’ची खूण वाटते. फक्कीच्या रेषेच्या 5 मीटर पुढे ओळखीच्या माणसाला उभं करा, हातात त्याच्या आवडीचा रुमाल द्या आणि ‘रुमाल घे’ एवढंच सांगा. महिनाभर रोज तेच दोन शब्द. मध्येच ‘पळ पळ’ ओरडलात की तो पुन्हा गोंधळतो.

शिटीची सवय लांबून लावा. आधी टाळी, मग 30 पावलांवरून शिटी, आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं जवळ. फिट येत असतील तर स्पर्धेच्या सकाळची गोळी चुकवू नका. पहाटेच्या प्रवासात ती राहून जाते, आणि त्यात भर उन्हात ताटकळणं होतं.

धाकट्या भावाला बौद्धिक अक्षमता नाही. दोघं एकत्र खेळू शकतील?

हो. युनिफाइड संघांत दोन्ही प्रकारचे खेळाडू एकाच बाजूने खेळतात. मात्र सगळे चेंडू धाकट्यानेच मारायचे नाहीत, हे त्याला पहिल्या दिवशीच सांगा.