आर्गॉन प्लाझ्मा, म्हणजे विजेने आयनीभूत झालेला आर्गॉन वायू, एका यंत्रात ऊती भाजतो आणि दुसऱ्यात जखम भरायला मदत करतो, हे कसं?

वायू एकच असला तरी विजेची वाट वेगळी असते, सगळा फरक तिथेच पडतो.

आर्गॉन प्लाझ्मा कोअ‍ॅग्युलेशनमध्ये, म्हणजे एपीसीत (एंडोस्कोपीच्या दुर्बिणीतून ऊती भाजून रक्तस्राव थांबवण्याच्या पद्धतीत), उच्च वारंवारितेचा प्रवाह प्रोबच्या, म्हणजे आत घातलेल्या बारीक नळीच्या, टोकाकडून आर्गॉनमधून ऊतीत उतरतो आणि मांडीला लावलेल्या पेशंट प्लेटमधून परत जातो. पेशंट सर्किटचाच भाग असतो, म्हणून ऊती तापते. भाजलेली जागा वाळली की तिचा रोध वाढतो आणि ठिणगी आपोआप शेजारच्या ओल्या जागेकडे सरकते. त्यामुळे खोली सहसा 3 मिलिमीटरच्या आत राहते. पण यावर विसंबून एकाच जागी रेंगाळू नये, विशेषतः मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला, तिथली भिंत पातळ असते.

एपीसीत चुका ठरावीक असतात. प्रोब ऊतीला टेकला तर वायू थेट भिंतीत शिरून ती फुगते. रक्ताचं थारोळं न शोषता फायर केलं तर वर खपली धरते आणि खाली रक्त वाहतच राहतं. सगळ्यात गंभीर म्हणजे आतड्याची सफाई अपुरी असणं: उरलेल्या मळातून हायड्रोजन आणि मिथेन तयार होतात, ठिणगीने स्फोट होऊ शकतो. काम फक्त गुदाशयात असलं तरी नुसत्या एनिमावर भागवू नये, पूर्ण तयारी करावी, तीही मॅनिटॉलने नाही, कारण जंतू त्याचा हायड्रोजन करतात.

दुसरं यंत्र म्हणजे जखमेवर वापरायचा कोल्ड प्लाझ्मा जेट. त्यात वीज मुख्यतः नळीच्या आतच खेळते. इलेक्ट्रॉन हजारो अंश तापलेले असतात, पण ते इतके हलके की जड अणूंना फारशी उष्णता देत नाहीत. बाहेर येणारा वायू 40 अंशांच्या आसपास राहतो. काम करतात ते ऑक्सिजन-नायट्रोजनचे क्रियाशील रेणू, थोडी अतिनील किरणं आणि विद्युतक्षेत्र. कोल्ड प्लाझ्माच्या डीबीडी (डायइलेक्ट्रिक बॅरियर डिस्चार्ज) प्रकारात त्वचा हाच दुसरा इलेक्ट्रोड असतो, पण मधल्या इन्सुलेटरमुळे प्रत्येक ठिणगी नॅनोसेकंदांत विझते.

म्हणूनच दोन्हींचे वॉट एकमेकांशी ताडून पाहू नका, त्यातून काही कळत नाही. कोल्ड प्लाझ्मात बघायचं ते अंतर आणि वेळ. जेट जखमेपासून सुमारे 1 सेंटिमीटरवर धरून दर चौरस सेंटिमीटरला 30 ते 60 सेकंद फिरवत राहायचा. 10 चौरस सेंटिमीटरच्या जखमेला 5 ते 10 मिनिटं लागतात, आणि घाईत नेमका हा वेळ कापला जातो. मृत ऊती व स्राव आधी काढा. नाहीतर क्रियाशील रेणू त्या थरातच खर्ची पडतात, खालच्या जंतूंपर्यंत पोचतच नाहीत. ओझोनही तयार होतो, खोलीत हवा खेळती ठेवा.