जनावरांच्या हृदयावर संशोधन, करिअर होतं का?

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातली, पीयूसी सेकंडला (बारावीला) सायन्सला आहे. आमची म्हैस गळ्याखाली सूज येऊन दगावली, डॉक्टर म्हणाले तार हृदयात घुसली. मला ह्यातच संशोधन करायचंय, घरचे नको म्हणतात.

उत्तर: अगं, नक्की कर! जनावर चारा नीट न चावता गिळतं, त्यातली तार दुसऱ्या पोटात अडकते आणि तिथून हृदय म्हणजे मधे फक्त एक पडदा, तो टोचून तार हृदयापर्यंत जाते, म्हणून मानेची शीर फुगते, पोळीला (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीला) पाणी उतरतं, तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. तार चिकटून राहावी म्हणून काही ठिकाणी आधीच पोटात लोहचुंबक सोडतात. आणि हे फक्त गुरांपुरतं नाही बरं का, मेन कून जातीच्या मांजरात हृदयाचा स्नायू जाड होतो त्यामागचा जीन 2005 साली सापडला, माणसातही त्याच जीनमधल्या बिघाडाने तसाच आजार होतो, म्हणजे तुझं काम माणसांच्याही कामी येणार.

बीव्हीएस्सी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरीची पदवी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग त्यापुढची एमव्हीएस्सी मेडिसिन, मग पीएचडी. बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाखाली हेब्बाळ (बेंगळुरू), गदग, शिवमोग्ग्याला कॉलेजं आहेत. नीट (NEET) ही प्रवेश परीक्षाही दे, 15 टक्के ऑल इंडिया जागा त्यावरच भरतात. वेळ लागतो हे घरच्यांना आत्ताच स्पष्ट सांग.