न्यायाधीशाने मतं मागायची?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत टेक्सासला, फोर्ट बेंड काउंटीत वकिली करते. आता तिला तिथल्या जिल्हा न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी उभं राहायचंय, तेही पक्षाच्या तिकिटावर. दारोदार मतं मागणाऱ्याला न्यायाधीश कसं म्हणायचं? तिला अडवू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पत्र वाचताना आधी मलाही तुमच्यासारखंच वाटलं. मी २९ वर्षं न्यायाधीश होते. तालुक्याला पहिली नेमणूक झाली तेव्हा वकिलांच्या घरच्या लग्नालाही जात नसे. दिवाळीत बंगल्यावर पेढे आले की शिपायाबरोबर आल्या पावली परत. तीन वर्षांनी बदली व्हायची, तोवर गावात एक मैत्रीण जोडलेली नसायची. या एकटेपणालाच मी निःपक्षपातीपणा समजत आले.

पण तुमची मुलगी जिथे उभी राहतेय तिथेच काय घडलंय ते बघा. केरळातल्या कासरगोडच्या गरीब घरातले सुरेंद्रन पट्टेल लहानपणी बिड्या वळायचे. दहावीनंतर शाळा सुटली, ती पुन्हा धरून कालिकतला कायद्याची पदवी घेतली आणि होसदुर्गला वकिली केली. पत्नी परिचारिका. २००७ साली दोघं ह्यूस्टनला गेली. तिथे हा मुरलेला वकील किराणा दुकानात कामाला लागला, मग टेक्सासची बार परीक्षा, म्हणजे तिथे वकिली करायची परीक्षा, दिली. २०१७ला नागरिकत्व मिळालं. २०२०ला पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले. २०२२ला पुन्हा उभे राहिले, आधी आपल्याच पक्षाच्या विद्यमान न्यायाधीशाला हरवलं, मग नोव्हेंबरची निवडणूक जिंकली आणि जानेवारी २०२३मध्ये २४०व्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश म्हणून शपथ घेतली. नागरिक होऊन सहा वर्षंही झाली नव्हती. नेमणुकीच्या वाटेने ते इतक्या लवकर तिथे पोचले असते असं मला वाटत नाही.

अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. मिसिसिपी राज्याने १८३२ सालीच सगळे न्यायाधीश मतदानाने निवडायचं ठरवलं. नेमणारा बडा माणूस न्यायाधीशाचा धनी होऊ नये, हा त्यामागचा विचार मला पटतो. आणि मतं मागताना वाटेल ते बोलता येत नाही. ‘निवडून आले तर अमुक खटल्यात तमुक निकाल देईन’ असं वचन द्यायला टेक्सासच्या आचारसंहितेत मनाई आहे.

माझी खरी धास्ती पैशाची आहे. अशा प्रचाराला वर्गणी देणाऱ्यांत वकीलच पुढे असतात आणि त्यांचीच प्रकरणं उद्या तिच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, येणार. टेक्सासने वर्गणीवर मर्यादा घातली आहे, वकिलांच्या फर्मसाठीही. पण मर्यादेतला पैसाही लक्षात राहतोच. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने एका न्यायाधीशाच्या निवडणुकीत सुमारे ३० लाख डॉलर ओतले, आणि पुढे त्याच कंपनीच्या अपिलातून तो न्यायाधीश बाजूला व्हायला तयार होईना. त्याने बाजूला व्हायलाच हवं होतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये सांगितलं. तिथे आकडा डोळ्यांत भरण्याजोगा होता. हजार डॉलर देणाऱ्या ओळखीच्या वकिलाचं काय, हे तिचं तिलाच ठरवावं लागेल, आणि पहिली वर्गणी घेण्याआधी.

पक्षाच्या लाटेत चांगले न्यायाधीश वाहून जातात, हाही धोका आहेच. तिथे जिल्हा न्यायाधीशाची मुदत चार वर्षांची, मग पुन्हा निवडणूक.

तर अडवू नका. पण दोन गोष्टी विचारा. जिल्हा न्यायाधीशासाठी आता तिथे आठ वर्षांचा अनुभव लागतो, तो तिच्याकडे आहे ना? आणि जी खुर्ची ती मागतेय तिथे आज बसलेल्या न्यायाधीशाचं काम तिने पाहिलंय का? नसेल तर अर्ज भरण्याआधी आठवडाभर त्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसायला सांगा. वकिलांकडे नको, पक्षकारांच्या चेहऱ्याकडे बघायला सांगा. त्यानंतरही उभं राहावंसं वाटलं, तर तिच्या पाठीशी उभे राहा आणि मला कळवा.