व्हायनलवर शिकल्याशिवाय खरा डीजे होत नाही का?

प्रश्न होता: "मी नाशिकचा, वय २०. दोन वर्षं छोट्या कंट्रोलरवर हळदी आणि वाढदिवस वाजवतोय. आमच्यातले जुने लोक म्हणतात, व्हायनलवर हात बसल्याशिवाय खरा डीजे होत नाही. टर्नटेबल आणि कंट्रोलरच्या फीलमध्ये खरंच एवढा फरक असतो का? पैसे साठवून टर्नटेबल घेऊ का?"

वयाने बराच मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. १९९९ पासून दहाएक वर्षं मुंबईतल्या क्लबांमध्ये टेक्निक्स या जपानी ब्रँडच्या डेकवर (डेक म्हणजे टर्नटेबलच, रेकॉर्ड फिरवणारं यंत्र) वाजवलं. आता ठाण्यात राहतो आणि लग्नं करतो (वाजवतो, म्हणजे), तीही कंट्रोलरवर, म्हणजे लॅपटॉपमधली गाणी चालवायच्या चकत्या-बटणांच्या पेटीवर. दोन्ही घरचं जेवण जेवलोय, तेव्हा कुणा एकाची बाजू घ्यायची मला गरज नाही.

आवाजाचा मुद्दा आधी निकालात काढू. व्हायनलचा, म्हणजे रेकॉर्डचा, आवाज उबदार वगैरे जे बोललं जातं ते घरी खुर्चीत बसून ऐकणाऱ्याला ठीक आहे. क्लबात बास एवढा असतो की सुई तोच बास परत उचलते आणि सगळी सिस्टीम घुमायला लागते. आम्ही डेकखाली शहाबादी फरशी टाकायचो आणि फरशीखाली टेनिसचे अर्धे कापलेले चेंडू. लाकडी स्टेजवर लोक उड्या मारायला लागले की सुई उडायची, मग हेडशेलवर, म्हणजे सुई बसते त्या टोकावर, चार आण्याचं नाणं चिकटवायचो. त्याने रेकॉर्ड झिजते हे ठाऊक असून चिकटवायचो. शिवाय साठ रेकॉर्डींची पेटी घेऊन पावसात लोकलमध्ये चढ, म्हणजे उबदार आवाजाची हौस फिटेल.

फीलचं मात्र खरं आहे, आणि ते मोटरमुळे आहे.

टेक्निक्सचा एसएल-१२०० हा डेक जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७२ साली काढला, तो घरी गाणी ऐकणाऱ्यांसाठी. १९७९ च्या एमके-२ या सुधारित डेकमध्ये क्वार्ट्झ लॉक (वेग पक्का धरून ठेवणारी सोय) आणि वरखाली सरकवायचा लांब पिच (वेग कमीजास्त करायची दांडी) आला, आणि क्लबवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. पट्ट्यावर चालणाऱ्या डेकमध्ये रेकॉर्ड हाताने थांबवली की पट्टा घसरतो, वेग मरतो. यात पट्टाच नाही. प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीच्या, बुडाला चुंबक बसवलेला आहे, म्हणजे प्लॅटर हाच मोटरचा फिरता भाग. बंद डेक ०.७ सेकंदात पूर्ण वेग पकडतो. वर फेल्टची स्लिपमॅट (गुळगुळीत कापडी चकती) टाकून रेकॉर्ड दोन बोटांनी धरून ठेवलीस तरी खाली प्लॅटर फिरतच असतो, आणि तो ओढा बोटांना सतत कळत असतो. सोडलीस की गाणं निघालं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ७० च्या दशकात पोरांनी रेकॉर्ड हाताने मागेपुढे करून वाजवायला सुरुवात केली; यालाच स्क्रॅच म्हणतात, आणि त्याचा शोध तिथल्या ग्रँड विझर्ड थिओडोर या डीजेच्या नावावर सांगतात. त्या हातांना टिकेल अशी मशीन नंतर या डेकच्या रूपाने मिळाली.

कुंभाराचं चाक पाहिलं असशील. ते आधीच फिरत असतं, कुंभार फक्त हात लावतो. जोर लावला की मडकं बिघडतं. टर्नटेबल तसं आहे. कंट्रोलरचं जॉग व्हील, म्हणजे त्यावरची हाताने फिरवायची चकती, हे जातं. तू ढकलशील तेवढंच फिरणार, सोडलंस की थांबणार, आणि गाणं मात्र लॅपटॉपमध्ये आपल्या वेगाने चाललेलंच असणार. वरच्या भागाला स्पर्श झाला की सॉफ्टवेअर समजतं रेकॉर्ड धरली, कडेला ढकललं की समजतं वेग थोडा वाढवायचाय किंवा कमी करायचाय. म्हणजे तिथे तू खुणा करतोस आणि कुणीतरी त्या खुणांचा अर्थ लावतं. टर्नटेबलवर रेकॉर्ड आणि बोट यांच्यामध्ये कुणी नाही.

याचा रोजच्या वाजवण्यात काय फरक पडतो, तर असा. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे मारते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. १०० बीपीएमचं (मिनिटाला १०० ठोक्यांचं) गाणं असेल तर एका फेऱ्यात बरोबर ३ ठोके बसतात. लेबलवर स्टिकर लावला की किक (ड्रमचा जाड ठोका) कुठे येणार ते घड्याळाच्या काट्यासारखं दिसतं: बारा वाजता एक, चार वाजता दुसरी, आठ वाजता तिसरी. काही महिन्यांनी स्टिकरकडे बघावंही लागत नाही, मनगटालाच कळतं. गाणं किंचित मागे पडलं तर मधला स्पिंडल (रेकॉर्ड अडकते ती खुंटी) चिमटीत धरून हलका पीळ द्यायचा. पुढे गेलं तर प्लॅटरच्या कडेच्या ठिपक्यांवर बोट टेकवायचं. किती टेकवायचं हे कुणी शिकवू शकत नाही. मी पहिले सहा महिने इतकं दाबायचो की गाणं रडायला लागायचं.

पिचही तसाच. टेक्निक्सचा सुमारे १० सेंटिमीटर लांब, अधिक-उणे ८ टक्के. एमके-२ मध्ये बरोबर मधोमध, शून्यावर, एक खाच आहे. तिथे हिरवा दिवा लागतो आणि खाचेच्या आसपास बारीक फेरफार करणं अवघड जातं. दोन्ही गाणी साधारण त्याच वेगाची असली की आम्ही मुद्दाम दोन्ही डेक दोन टक्के वर चढवायचो, म्हणजे ती खाच टळायची. स्वस्त कंट्रोलरचा पिच आखूड असतो, केसभर हलवला तरी आकडा उडी मारतो. मग माणूस नाइलाजाने सिंकचं बटण दाबतो, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके सॉफ्टवेअरच जुळवून देतं.

तुमच्या जुन्या लोकांना जे म्हणायचंय ते या बटणापाशी आहे, फक्त ते दोष कंट्रोलरला देतात. कंट्रोलरने कुणाचा कान गेलेला मी पाहिला नाही. स्क्रीनने गेलेले पुष्कळ पाहिलेत.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका लग्नात नवऱ्याच्या मामांनी ७० च्या दशकातलं एक हिंदी गाणं मागितलं. माझ्याबरोबर एक हुशार पोरगा होता, त्याने ते लावलं, सिंक दाबलं आणि खाली आजच्या गाण्याची बीट सोडली. मुखडा मस्त गेला. पण ती गाणी खऱ्या वादकांनी एकत्र बसून वाजवलेली, मेट्रोनोमशिवाय; अंतऱ्यात ढोलकीवाला रंगात आला की लय जराशी चढतेच. लॅपटॉपने सगळ्या गाण्याला एकच आकडा लावलेला. दुसऱ्या अंतऱ्यात दोन्ही ठोके सुटे झाले, घोड्याच्या टापांसारखे. नाचणाऱ्यांना कळलं, पोराला कळलं नाही, कारण स्क्रीनवर आकडे जुळलेलेच होते. मी बाजूने जॉगला दोन टिचक्या मारल्या आणि अंतरा संपेपर्यंत मारत राहिलो. त्याच कंट्रोलरवर.

जाता जाता, व्हायनलशिवाय खरा डीजे नाही म्हणणाऱ्यांना गोव्याची आठवण करून दे. ८० आणि ९० च्या दशकात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर ज्या पार्ट्यांतून गोवा ट्रान्स हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार उभा राहिला, तिथे व्हायनल जवळजवळ नव्हतंच. ऊन, वाळू आणि धूळ यांत रेकॉर्ड टिकत नाही. तिथे आधी कॅसेट आणि नंतर डॅट टेपवर (छोट्या डिजिटल कॅसेटवर) वाजवायचे. तिथला नावाजलेला डीजे गोवा गिल तर डॅटसाठीच ओळखला जायचा. डॅटवर पिच नाही, म्हणजे बीट जुळवायची सोयच नाही. गाण्यांच्या सुरुवातीला आणि शेवटी बिनठोक्याचा लांब पट्टा असायचा, त्यात एकातून दुसरं उगवायचं. त्यांना डीजे नाही म्हणायची छाती कुणाची आहे?

मधला रस्ताही आहे. २००४ साली सेराटो कंपनीचं स्क्रॅच लाइव्ह हे सॉफ्टवेअर आलं: रेकॉर्डवर गाणं नसतं, एक सूर कोरलेला असतो, सुई तो वाचते आणि लॅपटॉप त्यानुसार तुझी फाइल वाजवतो. हाताला डेक तोच, आणि पेटी उचलायची नाही. माझी पेटी त्याच्यामुळे माळ्यावर गेली. मोटरचे कंट्रोलरही मिळतात, ७ इंची फिरत्या प्लॅटरचे, जसा २०२० चा रेन वन. प्लॅटर लहान आणि वजनाला हलका, त्यामुळे टेक्निक्सची सर नाही, पण ओढा लागतो बोटांना. जड मात्र भयंकर आहेत.

आता तुझे पैसे. हळदी आणि वाढदिवसच वाजवायचे असतील तर टर्नटेबल घेऊ नकोस. दोन डेक, मिक्सर, कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) असा संच लाखांत जातो आणि हळदीच्या मांडवात तो उघडायची तुझी हिंमत होणार नाही. त्याऐवजी दोन महिने एवढंच कर: सिंक बंद, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर वर्तमानपत्र चिकटव, बीपीएमचे आकडे आणि गाण्याच्या आवाजाच्या लाटा दिसता कामा नयेत. हेडफोन एकाच कानाला. दोन गाणी घे आणि पाच मिनिटं एकावर एक धरून ठेव. पहिले पंधरा दिवस घरचे शिव्या घालतील.

स्क्रॅच शिकायचाच किडा असेल तर गोष्ट वेगळी. मग एक, एकच, सेकंडहँड डेक बघ. टेक्निक्सने १२०० चं उत्पादन २०१० मध्ये थांबवलं होतं, २०१६ पासून पुन्हा सुरू केलं, त्यामुळे जुन्याला वेड्यासारखी किंमत देऊ नकोस. जपानहून आलेला असेल तर मागचं लेबल वाच. तो १०० व्होल्टचा असतो, आपल्या प्लगला थेट लावलास तर धूर निघेल. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) बोटाने हलवून बघ, मुळाशी खडखडला तर सोड. शुअरची जुनी कार्ट्रिज मिळते म्हणून कुणी भाव खाईल. त्या कंपनीने कार्ट्रिज बनवणं २०१८ मध्ये बंद केलं, तेव्हा सुई नवी आहे की झिजलेली ते आधी बघ.

आणि रेकॉर्ड घेतल्यास तर गाडीच्या डिक्कीत ठेवू नकोस. माझी एक मे महिन्यात दुपारभर राहिली होती, तिची पसरट वाटी झाली. आई तिच्यात लिंबं ठेवते.