बहिणीचं रक्त पाठवण्याआधी

चि. डॉक्टरीणबाई,
अनेक आशीर्वाद.

ताकायासूच्या, म्हणजे मोठ्या धमन्यांना सूज येऊन नाडी हरवण्याच्या आजाराच्या, पेशंटच्या धाकट्या बहिणीचं एचएलए टायपिंग, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांच्या जीनची तपासणी, करून घेऊ का, असं तू विचारलंस. आई मागेच लागली आहे म्हणे, "हिच्याही रक्तात असलं तर आत्ताच सांगा." माझं उत्तर: नको. का, ते त्या माउलीला तुलाच समजवायचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जीन खरा आहे, त्यात वाद नाही. एचएलए-बी*५२ हा त्या जीनचा प्रकार जपानमधल्या साधारण निम्म्या पेशंटांत सापडतो. पण तिथल्या धडधाकट माणसांतही पाच-सहांमागे एकाकडे तो असतोच, आणि आजार होतो वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला. हिशेब तूच कर. बहिणीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर ती पोर जन्मभर मनगट चाचपत बसेल, निगेटिव्ह आला तर आई निर्धास्त होईल. आणि दोन्ही चूक. सख्ख्या बहिणींना झाल्याच्या नोंदी आहेत, पण अगदी मोजक्या.

वाचताना एक सांभाळ. आपल्याकडच्या जुन्या संशोधन-पेपरांत नुसतं 'बी५' लिहिलेलं असतं. तेव्हा टायपिंग सीरमवर, म्हणजे रक्तद्रवातल्या प्रतिपिंडांनी व्हायचं, त्यात ५१ आणि ५२ एकाच नावाखाली यायचे. दोघांत फरक फक्त दोन अमिनो आम्लांचा, तरी ५१ जातो बेहचेटच्या आजाराबरोबर (तोही रक्तवाहिन्यांच्या दाहाचाच, पण वेगळा) आणि ५२ ताकायासूबरोबर. मला हे अजूनही नवलाचं वाटतं.

मग जीन शोधायचे कशाला? २०१३ साली जपानमधल्या एका गटाला आणि तुर्की व अमेरिकन पेशंटांवर काम करणाऱ्या दुसऱ्या गटाला, दोघांनाही आयएल१२बी हा जीन सापडला. त्यातून बनणारं पी४० प्रथिन इंटरल्यूकिन १२ आणि २३ या दाह पेटवणाऱ्या दोन्ही निरोप्या प्रथिनांचा भाग असतं. म्हणजे धमनीच्या भिंतीत आग कोण लावतं, याचा माग लागतो आणि औषध कुठे मारायचं ते सुचतं. जीनचा उपयोग तिथे. भविष्य सांगायला नाही.

आजार ओळखायला बोटंच लागतात. १९०८ साली ताकायासूंनी एका २१ वर्षांच्या मुलीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण दाखवली. ते नेत्रतज्ज्ञ, असल्या पेशंटांच्या मनगटाला नाडी लागत नाही, हे त्याच सभेत दुसऱ्यांनी सांगितलं. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या जास्त धरल्या जातात, म्हणून कोवळ्या वयात बीपी चढतं. मुंबईत केईएमला सर्जन प्रफुल्लकुमार सेन आणि सहकाऱ्यांनी १९६३ सालीच यावर लिहून ठेवलंय. जमलं तर काढून वाच.

माझीही एक चूक सांगते. रेसिडेंट असताना एकोणीस वर्षांची मुलगी आली होती. आई म्हणाली, "धुणं पिळताना हिचा डावा हात भरून येतो." डाव्या हाताला बीपी लागेना. तीनदा कफ बांधला, मशीन बदललं, शेवटी उजव्या हाताचं लिहून मोकळी झाले. अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. सात महिन्यांनी ती परत आली तेव्हा डाव्या हाताची नाडी मनगटाला नव्हती, कोपरालाही नव्हती. मशीन पहिल्या दिवसापासून ठीक होतं.

तेव्हा ती बहीण ताईला भेटायला येईल, तेव्हा तिला पाच मिनिटं बसव. वेणी घालताना हात दुखतो का, विचार. दोन्ही मनगटांच्या आणि दोन्ही जांघांच्या नाड्या बघ. गळपट्टीच्या हाडावर आणि बेंबीच्या वर स्टेथो लाव. बीपी दोन्ही हातांचं घे. वरच्या आकड्यात दहाहून जास्त फरक आला तर मला फोन कर, रात्र असली तरी. केसपेपरवर बीपीला एकच रकाना छापलेला असतो, त्यात मध्ये पेनने रेघ मारून दोन कर.

तुझी,
मॅडम