युरेनियम खाणींवरची बंदी उठण्याची चिन्हं आहेत. खाणकंपन्यांचे शेअर आत्ताच स्वस्तात घेऊन ठेवावेत का?

बंदी उठणार म्हणून घेऊ नका. उठल्याची बातमी आल्यावर तर मुळीच घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की जगभरातली सरकारं पुन्हा अणुऊर्जेकडे वळताहेत, खाणधोरण बदलतंय, लहान कंपन्यांचे शेअर काही सेंटला मिळताहेत आणि मंजुरी आली की दहापट होतील. भारतातून ते घ्यावेत का, असा तुमचा प्रश्न. सरकारं वळताहेत हे खरं आहे. दहापटीचा हिशेब मात्र मी घरातच ऐकत आलेय, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

आधी भारताचं उरकते. आपल्याकडे युरेनियम काढते ती यूसीआयएल, म्हणजे युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. ती पूर्ण सरकारी आहे, तिचा शेअर बाजारात नाही. २०२३ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा लिथियम, बेरिलियम, टायटॅनियम, नायोबियम, टँटलम आणि झिर्कोनियम ही सहा खनिजं अणुखनिजांच्या यादीतून काढली. युरेनियम त्यात नव्हतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने खासगी कंपन्यांना अणुवीज प्रकल्पांचं दार उघडणारा कायदा केला, त्यानंतर व्हॉट्सॲपवर ‘युरेनियम शेअर’ म्हणून ज्या याद्या फिरतात त्यात व्हॉल्व्ह, बॉयलर आणि बांधकामवाल्या कंपन्या असतात. त्या चांगल्या असतील, पण त्यांचा खाणीशी संबंध नाही. म्हणजे तुमचा प्रश्न ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आफ्रिका, कझाकस्तान इथल्या कंपन्यांबद्दल आहे. त्यातलं ऑस्ट्रेलिया मला जवळून माहीत आहे.

मी जिओलॉजिस्ट आहे, मूळची नागपूरची. नोकरीची बरीच वर्षं क्वीन्सलँडमध्ये माउंट आयझाच्या परिसरात गेली, तांबं-शिसं-जस्ताच्या कामात. माझा थोरला भाऊ ब्रिस्बेनला, आयटीत. बाबा गेल्यावर वर्धा रोडचा प्लॉट विकला, त्याचे तीन वाटे झाले: आईचा, दादाचा, माझा. ते पैसे हातात असतानाच, २२ ऑक्टोबर २०१२ ला, क्वीन्सलँड राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्रीच, कॅम्पबेल न्यूमन यांनी युरेनियम खाणींवरची बंदी उठवली. निवडणुकीआधी ‘आमचा तसा विचार नाही’ म्हणणारे हेच. त्याच्या आठवडाभर आधी पंतप्रधान जुलिया गिलार्ड दिल्लीत होत्या, भारताला युरेनियम विकण्याची बोलणी सुरू करायला. दादाच्या डोक्यात दोन्ही बातम्या एकत्र बसल्या. भारताला लागणार, क्वीन्सलँड काढणार, आणि आपण दोन्हीकडचे! त्याने आपला वाटा आणि आईचा वाटा माउंट आयझाजवळ परवाने असलेल्या एका लहान कंपनीत घातला. नाव सांगत नाही, कारण तशा बऱ्याच होत्या आणि सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने तीच झाली.

मी तेव्हाच नको म्हटलं होतं. सरकारवर माझा राग होता म्हणून नव्हे, तो दगड माहीत होता म्हणून. माउंट आयझाच्या उत्तरेच्या पट्ट्यात युरेनियमचा बराचसा भाग ब्रॅनराइटसारख्या खनिजात अडकलेला आहे, ते साध्या ॲसिडला सहज दाद देत नाही. शिवाय खडकात कार्बोनेट भरपूर, म्हणजे ओतलेलं ॲसिड युरेनियमपर्यंत पोचायच्या आधी तेच पिऊन टाकतं. मग अल्कलीचा मार्ग, जास्त तापमान, दाब, आणि त्या सगळ्याचा खर्च. निघालेला यलोकेक, म्हणजे युरेनियमची पूड, बाहेर पाठवायचा तर ऑस्ट्रेलियातून युरेनियमची निर्यात फक्त ॲडलेड आणि डार्विन या बंदरांतून होते. क्वीन्सलँडचं स्वतःचं एकही बंदर त्यात नाही. त्या राज्यातली शेवटची खाण मेरी कॅथलीन, ती १९८२ मध्ये बंद झाली. तिचं गाव उठून गेलं, खड्ड्यात हिरवंनिळं पाणी साचलंय, लोक तिथे फोटो काढायला जातात. म्हणजे खाण चालवलेली माणसंही निवृत्त झालेली. आणि कंपनीच्या सादरीकरणात जो साठा मोठ्या अक्षरात छापला होता तो ‘इन्फर्ड’ वर्गातला होता, म्हणजे लांबलांब मारलेल्या भोकांवरून केलेला अंदाज. त्यावर कुठलीही बँक खाणीला कर्ज देत नाही.

दादा म्हणाला, “तू माती बघतेस, मी बाजार बघतो.” हे वाक्य मी विसरलेले नाही.

आता पुढचं नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर यात आहे. बंदी उठलेली होती तेव्हा काय झालं? फुकुशिमानंतर, मार्च २०११ पासून, जपानच्या अणुभट्ट्या एकामागून एक थांबल्या होत्या आणि युरेनियमचा भाव घसरत होता. ज्या कंपनीची खाणच नाही तिला उत्पन्न शून्य. पण भाडं, पगार, परवान्यांची फी, ड्रिलिंग, सल्लागारांचे अहवाल हे सगळं चालूच राहतं. ते पैसे येतात नवे शेअर छापून. दरवर्षी एक प्लेसमेंट, बाजारभावापेक्षा कमी किमतीत, मोठ्या गिऱ्हाइकांना. जुन्या भागधारकाचा वाटा प्रत्येक वेळी बारीक होतो. दादा प्रत्येक घसरणीला ‘ॲव्हरेज करतो’ म्हणत आणखी घेत गेला. बंदी उठलेल्या त्या सगळ्या काळात क्वीन्सलँडमध्ये युरेनियमची एकही खाण सुरू झाली नाही.

३१ जानेवारी २०१५ च्या निवडणुकीत न्यूमन यांचं सरकार गेलं, त्यांची स्वतःची जागाही गेली. अनास्तासिया पालाशे यांच्या लेबर सरकारने बंदी परत आणली. तेव्हा दादाचा शेअर पडला तो थोडाच. मोठी पडझड त्याआधीच, परवानगी असतानाच झाली होती. नंतर कंपनीने शेअर एकत्र केले, जुन्या अनेकांचा एक, मग नाव बदललं आणि युरेनियम सोडून लिथियमच्या मागे गेली. आईच्या वाट्याचं जे उरलं त्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशनही झालं नसतं. ते दुसऱ्या पैशांतून केलं.

दादा आजही म्हणतो, “सरकारनं बुडवलं.” आणि जानेवारी २०२४ मध्ये युरेनियमचा भाव पाउंडाला १०० डॉलरच्या वर गेला तेव्हा त्याचा फोन आला, “बघ, मी बरोबर होतो.” युरेनियमबद्दल तो बरोबर होता, हे मी मान्य करते. २०१६ च्या अखेरीस १८ डॉलरच्या आसपास असलेला भाव शंभरी ओलांडतो, ही लहान गोष्ट नाही. पण युरेनियमचा भाव आणि त्याच्या कंपनीचा भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाव पाचपट होईपर्यंत ती कंपनी युरेनियममध्ये उरलीच नव्हती, आणि उरली असती तरी शेअरची संख्या इतकी वाढली होती की त्याची खरेदीची किंमत परत येणं शक्य नव्हतं.

लहान कंपनी होती म्हणून असं झालं, असं कोणी म्हणेल. मग वेस्टर्न ऑस्ट्रेलिया बघा. तिथे २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कॉलिन बार्नेट सरकारने बंदी उठवली. कॅमेको ही जगातल्या सर्वांत मोठ्या युरेनियम कंपन्यांपैकी एक. तिने मित्सुबिशीबरोबर रिओ टिंटोकडून किंटायरचा साठा ४९.५ कोटी अमेरिकी डॉलरना घेतला, आणि २०१२ मध्ये बीएचपीकडून यिलिरीचा ४३ कोटींना. २०१७ मध्ये मार्क मॅकगोवन यांचं लेबर सरकार आलं, बंदी परत आली, पण ज्या चार प्रकल्पांना आधीच मंजुरी होती त्यांना सूट मिळाली: किंटायर, यिलिरी, विलुना आणि मल्गा रॉक. तेव्हा दादासारखे बरेच जण म्हणाले, आता नवी स्पर्धा बंद, या चौघांची चांदी. पण पर्यावरण मंजुरीत अट असते की पाच वर्षांत काम खऱ्या अर्थाने सुरू झालं पाहिजे. वीसपंचवीस डॉलरच्या भावात खाण कोण बांधणार? किंटायरची मुदत २०२० मध्ये संपली, यिलिरीची २०२२ मध्ये. यिलिरीला तर राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाने आधी नकारच सुचवला होता, कारण तिथल्या भूजलात राहणारे बारीक जीव जगात दुसरीकडे सापडत नाहीत. तरी मंत्र्यांनी मंजुरी दिली, केंद्राने दिली, आणि शेवटी ती मंजुरी कागदावरच म्हातारी झाली. मल्गा रॉकवाल्यांनी मुदतीत काम सुरू केल्याचं सरकारकडून मान्य करून घेतलं, म्हणून त्यांची टिकली.

सरकार पाठीशी असलं तरी खडक ऐकत नाही. साउथ ऑस्ट्रेलियात युरेनियमला विरोध नाही, ऑलिंपिक डॅम ही खाण १९८८ पासून चालू आहे. तिथल्या हनीमून खाणीतून एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा पहिला ड्रम भरला, सगळीकडे आनंद. जुलै २०२५ मध्ये बॉस एनर्जी या तिच्या मालक कंपनीने सांगितलं की पुढच्या वर्षांचं उत्पादन आणि खर्च आधीच्या अभ्यासाप्रमाणे येईलच असं नाही. एका दिवसात शेअर चाळीस टक्क्यांहून जास्त खाली. धोरणाचा एक शब्द बदलला नव्हता.

आणि धोरण उलट्या बाजूनेही फिरतं, चालू खाणींवरही. नायजरमध्ये जुलै २०२३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, २०२४ मध्ये फ्रान्सच्या ओरानो कंपनीचा इमुरारेन साठ्याचा परवाना काढून घेतला, २०२५ मध्ये सोमाइर खाण राष्ट्रीयीकृत करत असल्याचं जाहीर केलं. कझाकस्तान जगाच्या उत्पादनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास देतं. तिथे खनिज उत्खनन कर २०२५ मध्ये ६ वरून ९ टक्के झाला, आणि २०२६ पासून मोठ्या खाणींना तो १८ टक्क्यांपर्यंत लागतो. नॉर्दर्न टेरिटरीत जबिलुका हा मोठा आणि चांगल्या प्रतीचा साठा आहे, पण तिथल्या मिरार लोकांनी दशकानुदशकं नाही म्हटलं आणि जुलै २०२४ मध्ये त्याच्या लीजचं नूतनीकरण नाकारलं गेलं. मला ते योग्य वाटतं. जमीन त्यांची आहे. पण ज्यांनी तो साठा धरून एनर्जी रिसोर्सेस ऑफ ऑस्ट्रेलियाचा शेअर घेतला त्यांचं काय झालं तेही बघा: कधीकाळी वीस डॉलरच्या वर असलेली ही कंपनी, २०२४ मध्ये तिला जुन्या रेंजर खाणीच्या पुनर्वसनासाठी सेंटच्या पाचव्या भागाला एक या दराने राइट्स शेअर, म्हणजे जुन्याच भागधारकांना विकायचे नवे शेअर, काढावे लागले.

मग घ्यायचं तर काय? युरेनियमचा भाव वाढेल असं तुम्हाला वाटत असेल तर युरेनियमच धरून ठेवणारे फंड आहेत, टोरांटोला स्प्रॉटचा ट्रस्ट, लंडनला यलो केक याच नावाची कंपनी. त्यांना खाणीची परवानगी लागत नाही. कंपनीच हवी असेल तर जिची खाण चालू आहे, जिच्याकडे वीजकंपन्यांचे दीर्घ मुदतीचे करार आहेत, अशी. कॅमेकोनेसुद्धा भाव पडल्यावर २०१८ मध्ये मॅकआर्थर रिव्हरसारखी उत्तम खाण बंद ठेवली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू केली. तिला ते परवडलं, कारण बाकीचं उत्पन्न होतं. पेनी शेअरवाल्याला ते परवडत नाही. परदेशात पैसे पाठवण्याच्या एलआरएस योजनेचं आणि त्यावर कापल्या जाणाऱ्या टीसीएस कराचं तुम्हाला माहीत असेलच, ते तुमच्या सीएला विचारा.

एक गोष्ट कबूल करायला हवी की पॅलाडिनसारखे अपवाद झाले आहेत. २००३ मध्ये एका सेंटच्या आसपास असलेला तो शेअर २००७ मध्ये दहा डॉलरच्या वर गेला होता. दादा नेहमी तेच उदाहरण देतो. पण त्याच कंपनीला २०१७ मध्ये कर्जापायी प्रशासकाच्या हाती जावं लागलं, आणि तिने खाण काढली ती नामिबियात, जिथे बंदी उठायची वाट बघावी लागली नाही. हेही सांगते की मी खाणकंपन्यांचा पगार खाल्लेला आहे आणि मी गुंतवणूक सल्लागार नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये क्वीन्सलँडमध्ये पुन्हा न्यूमन यांच्याच पक्षाचं, लिबरल नॅशनल सरकार आलं, आणि दादाने नवं नाव शोधलं. आता आईची एफडी मोडायचं त्याच्या मनात होतं. मी त्याला एकच गोष्ट सांगितली, तुम्हालाही सांगते. ऑस्ट्रेलियात लिस्टेड असलेली प्रत्येक शोधकंपनी दर तिमाहीला ‘अपेंडिक्स ५बी’ नावाचा कागद भरते. फुकट मिळतो. त्यात खाली एक ओळ असते, हातातले पैसे किती तिमाही पुरतील याची. आकडा दोनपेक्षा कमी असेल तर पुढचे पैसे कुठून आणणार हे कंपनीला तिथेच लिहावं लागतं, आणि उत्तर बहुतेक वेळा ‘नवे शेअर काढून’ असंच असतं. त्याच कंपनीच्या पाच वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या वार्षिक अहवालातली एकूण शेअरची संख्या शेजारी ठेवून बघा. दादाच्या नव्या कंपनीचे दोन्ही आकडे मी त्याला काढून पाठवले. त्याचं उत्तर आलेलं नाही, पण एफडी अजून आईच्याच नावावर आहे आणि नॉमिनी आता मी आहे.